डावी कड

बेल्ट पुन्हा तुटला.
ओला टॉवेल कुणी भिंतीवर आपटावा तसा आवाज,
आणि लाकडाची पूड हवेत क्षणभर तशीच थांबली,
खाली बसायचं की नाही ते ठरवत.
हा पाचवा. मे महिन्यापासूनचा पाचवा.
सहा बाय अठ्ठेचाळीस, ऐंशी नंबर,
रविवार पेठेत एकेकाला दोनशे साठ मोजून.

मशीन घेतलं जुन्या बाजारातून, एका बुधवारी.
बिडाचं, हिरवं, इकडे पट्टा, तिकडे तबकडी.
इक्बाल तांबोळी म्हणाले, पॅटर्नमेकरचं आहे,
गुंजाळ म्हणून होते भोसरीला. गेले.
मुलाला शेडमध्ये गाडी लावायचीय.
टेम्पोत चढवायला चार माणसं लागली,
नऱ्ह्यात उतरवायला तीन,
कारण चौथा वाटेत चहाला उतरला तो उतरलाच.

स्विच तेवढा भलत्या जागी. डावीकडे,
पत्र्याला भोक पाडून हाताने बसवलेला.
रोज माझा उजवा हात आधी रिकाम्या जागी जातो,
रोज मी त्या अनोळखी गुंजाळांना एक शिवी देते,
बारीकशी, गेलेल्या माणसाला झेपेल एवढी.

पहिला तुटला तेव्हा म्हटलं, माल जुना,
सांध्याचा गोंद वाळला असेल.
दुसऱ्याला कळलं की पट्ट्याच्या आत बाण छापलेला असतो
आणि मी तो उलटा चढवला होता. कुणाला बोलले नाही.
तिसऱ्यानंतर स्प्रिंगचा ताण कमी केला.
चौथ्यानंतर वरच्या रोलरचं बेअरिंग बदललं,
जुनं काही कुरकुरत नव्हतं, पण मला बरं वाटलं.
प्रज्योत म्हणतो, ताई, नवीन घ्या, हप्त्यावर मिळतं.
तो बावीस वर्षांचा. त्याला सगळंच हप्त्यावर मिळतं.

पाचव्याला मी काहीच केलं नाही.
प्लग काढला, स्टूल ओढलं,
खिळ्याला टांगलेले मेलेले पट्टे
फरशीवर शेजारी शेजारी पसरले.
पहिले दोन सांध्यावर उकललेले; ते गोंदाचे नि माझे.
उरलेले तीन सांध्यापासून लांब,
कुठे हातभर, कुठे वीतभर,
पण सुरुवात तिघांची एकाच काठावर:
नखाने ओढावी तशी चीर,
मग तिरकी धाव.

मग पट्ट्यामागची पोलादी पाटी.
तिच्यावरून बोट फिरवलं, उजवीकडून डावीकडे.
सपाट. सपाट. सपाट.
आणि मग उंबऱ्याशी फरशी झिजावी तशी
खोल गेलेली,
आणि अगदी कडेला पोलाद इतकं पातळ
की बोटातून रक्त आलं.

डावखुरा होता तर.

तीस वर्षं की पस्तीस, इथेच उभा राहून
डाव्या हाताच्या जोराने
पंपांची घरं, पुलींच्या आऱ्या घासत होता.
लाकडाच्या. ज्यांचं पुढे लोखंड झालं
आणि लाकूड कुणाच्या तरी बंबात गेलं.
स्विचही त्यानेच हलवला, आपल्या हाताशी.

माझ्या घनांचा एक कोपरा का बसका निघतो,
शाळेने दोन खोकी परत का पाठवली,
तेही त्या बोटालाच समजलं.

चिंधी बांधून कानस घेतली, धार मोडली.
पाटीचे दोन बोल्ट गंजलेले;
डिझेलचे थेंब सोडून रात्रभर ठेवले.
सकाळी पाटी फिरवून बसवली, वरची बाजू खाली.
त्याची डावी आता माझी उजवी.
ग्राइंडिंगवाला सपाट करून द्यायचे नऊशे म्हणाला.
म्हटलं, बघू.

तेव्हापासून घन डाव्या बाजूला घासते,
शंकू त्याच्या खळग्यात.
शंकूंना तो खळगा मानवतो.
सहावा पट्टा सातव्या आठवड्यात आहे,
गुळगुळीत झालाय, पण सलग.

हात अजूनही आधी रिकाम्या जागी जातो.
शिवी अजूनही देते.
सवय.